बिननावाची आमराई

चैत्र सरत आला की माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लाल शाईची आठवण होते. पेन टेकून टेकून तिथे घट्टा पडला होता. निवृत्तीनंतर तो मऊ झाला, पण पुरता गेला नाही. मुक्ता, तू लहान असताना त्यावरून बोट फिरवून विचारायचीस, "आजी, इथं दुखतं का?" दुखत नाही गं. या दिवसांत थोडं शिवशिवतं, इतकंच.

इथे परीक्षा संपत आल्या आहेत. सकाळच्या उन्हात तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुली स्कूटीवरून केंद्रावर जातात, मागची मुलगी पुढचीच्या पाठीवर वही टेकवून शेवटचं काहीतरी वाचत असते. ईशान, तिकडे परदेशात तुमच्याकडे झाडांना आत्ता कुठे पानं फुटत असतील. नांदेडला रस्त्याचं डांबर मऊ झालंय, आणि दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही.

मुलांचा हंगाम संपला की आमचा सुरू व्हायचा, पेपर तपासणीचा. आम्ही त्याला कॅम्प म्हणायचो. आसपासच्या जिल्ह्यांतले प्राध्यापक विद्यापीठात गोळा व्हायचे, हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर समोरासमोर बसायचे आणि गठ्ठ्यामागून गठ्ठे तपासायचे. वाळ्याचे पडदे, कूलरचा घरघराट, आणि कुणीतरी मध्येच मोठ्यांदा वाचून दाखवलेलं एखादं अफाट उत्तर. आता ते काही उरलं नाही. उत्तरपत्रिका स्कॅन होतात, ज्याने त्याने आपापल्या कॉलेजात बसून पडद्यावर मार्क भरायचे. सोय झाली, हे मान्य करायला हवं. फक्त त्या हॉलवरून जाताना आत कुणीच नाही हे कळतं, आणि मी उगाच पायांची गती वाढवते.

तुमची शहनाज आजी जाऊन आता वर्ष होईल. तुम्हाला ती माहीत आहे ती ईदला लातूरहून येणाऱ्या शीरखुर्म्याच्या डब्यापुरती. गेल्या उन्हाळ्यात तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. ती मी तिला देऊ शकले की नाही, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आपलं विद्यापीठ तेव्हा नवं होतं. त्याआधी आमचं सगळं औरंगाबादला. तेव्हा त्या शहराचं नाव औरंगाबादच होतं. मार्कलिस्टवर नावाचं एक अक्षर चुकलं तरी लातूर-नांदेडच्या पोरांनी रात्रीची गाडी पकडायची, सकाळी तिथल्या खिडकीसमोर उभं राहायचं, साहेब रजेवर असले तर परत यायचं आणि पुन्हा जायचं. पोरींचं तर विचारूच नका. शहनाजने एम.ए. केलं तेव्हा तिची डिग्री आणायला तिच्या अब्बांनी लातूरचं कापडाचं दुकान बंद ठेवलं होतं, तेही लग्नसराईत. ते तिने आयुष्यभर लक्षात ठेवलं. आमच्या भागासाठी वेगळं विद्यापीठ निघालं तेव्हा लोकांनी भाषणं केली, पेढे वाटले. पुढे ओळख झाल्यावर ती मला त्याबद्दल म्हणाली होती, "माझ्या विद्यार्थिनींच्या बापांना आता दुकान बंद ठेवावं लागणार न्हाई. माझ्यासाठी विद्यापीठ म्हणजे एवढंच."

पण हे नंतरचं. आमची पहिली भेट पहिल्या कॅम्पमधली.

गोदावरीचा पूल ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला नुसता उघडा मुरमाड माळ होता. तिथे दोन-तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा रंग अजून ओला होता. झाड म्हणून एक नाही. ऊन खालूनही यायचं, वरूनही यायचं. भूकंप होऊन फार दिवस झालेले नव्हते. लातूरकडून आलेल्या बायका वसतिगृहाच्या खोल्यांत झोपायला तयार नसत, गाद्या काढून व्हरांड्यात टाकत. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, नांदेडातच घर असलेली, इस्त्रीच्या साडीत येणारी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक उंच, किडकिडीत बाई येऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने माझे तपासून झालेले पेपर सहज उचलले, दोन-चार पानं उलटली आणि म्हणाली, "काय मॅडम, मार्क वाटून राहिल्या का प्रसाद?"

मला फार राग आला. दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दुपारी तिने आपल्या डब्यातली भाजी न विचारता माझ्या डब्यात घातली आणि भांडण तिथेच संपलं.

आम्ही दोघी इंग्रजी शिकवायचो, ती लातूरला, मी इथे. माझ्यापुढे एखादा पेपर एका मार्कावरून अडला की माझा हात आपोआप सैल व्हायचा. शहनाजचा व्हायचा नाही. "उद्या ही पोरगी आपली डिग्री घेऊन पुण्याला जाईल," ती म्हणायची. "तिथे विचारतील, कुठलं विद्यापीठ? नाव ऐकून हसतील. त्या वेळी तुझा हा एक मार्क तिच्या कामाला येणार हाय का?" एवढं बोलून ती पेपर बाजूला टाकत मात्र नसे. म्हणायची, "परत पहिल्यापासून बघावं लागंल." आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ पुन्हा वाचायची. खरोखर मिळालेला, आपल्या नजरेतून सुटलेला एखादा मार्क शोधायची. बाकीचे चहाला जायचे, ही शोधत बसायची. सापडला तर चेहरा असा व्हायचा, जणू तीच पास झाली. नाही सापडला तर चहाला हातही लावायची नाही.

आंबे आले ते त्याच कॅम्पात. मे महिना, गावोगाव पाड लागलेला. झाडावरच पिकून खाली पडणाऱ्या पहिल्या आंब्याला इकडे पाड म्हणतात. जो तो आपल्या गावचा आंबा घेऊन यायचा. देगलूरच्या मॅडम आणायच्या, नायगावचे वनस्पतिशास्त्राचे सर आणायचे. सगळे गावरान आंबे, चोखून खायचे, हापूससारखे कापून ताटलीत मांडायचे नव्हेत. शहनाजने पिशवीतून काढले ते मुठीत मावतील एवढे होते, साल हिरवट, दिसायला काहीच नाहीत.

"तोंडाकडं बघू नका," ती म्हणाली. "वास घ्या."

बडीशेपेचा वास. मी आयुष्यात तसा आंबा खाल्ला नव्हता. देवणीला तिच्या आजोबांच्या शेतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते एकच झाड होतं. घरचे त्याला शेप्या म्हणायचे.

खाऊन झाल्यावर कोयी कुठे टाकायच्या हा प्रश्न आला, कारण त्या माळावर कचराकुंडीही नव्हती. शहनाज म्हणाली, "लावू या की. नायतरी इथे सावली कुठे हाय?"

नायगावचे सर हसले. "मॅडम, कोयीचं झाड आईवर जात नसतं. तसाच आंबा पाहिजे असला तर कलम करावं लागतं. दहा कोयी लावा, दहा तऱ्हा निघतील."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की हो सर. अम्मीला आम्ही पाच पोरी, एकीचं एकीला जुळत न्हाई."

"तेच सांगून राहिलो ना मी."

"मग लावूच. पाचांत एखादी अम्मीसारखी निघती."

हॉलच्या मागे उतारावर आम्ही आळी केली. मी व्यवस्थित बाई. मी म्हटलं, पत्र्याच्या पाट्या करून आणते, प्रत्येक झाडाखाली गावाचं नाव लिहू. सगळ्यांना पटलं. शहनाजने मान हलवली.

"नाव नको. नाव दिसलं की मार्क बदलतात."

"अगं, झाडं आहेत ती."

"तेच सांगते. देवणीचं म्हटलं की मी त्यालाच पाणी घालणार. देगलूरच्या मॅडम देगलूरच्याला. आणि ज्याची मॅडम पुढच्या वर्षी आली न्हाई, ते वाळून जाईल. कोडिंग करा सर, आंब्यांचं कोडिंग करा!"

हॉलभर हशा पिकला. तुम्हाला सांगायला हवं: उत्तरपत्रिका आमच्याकडे यायच्या आधी तिच्यावरचा परीक्षा क्रमांक झाकून टाकत, म्हणजे पेपर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये. त्याला कोडिंग म्हणायचे. तर त्या दिवशी सगळ्या कोयी एका टोपलीत टाकून हलवल्या आणि ज्याच्या हाताला जी लागली ती त्याने लावली. जगात दुसऱ्या कुठल्या माणसांना हे सुचलं नसतं. शेतकऱ्याने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

आणि झाडं जगली. डबे धुवायचे ते आळ्यात, हात धुवायचे ते आळ्यात, माठातलं उरलेलं पाणी संध्याकाळी आळ्यात. कुठलं कुणाचं हे माहीत नसल्यामुळे सगळ्यांना सारखं पाणी मिळालं. पुढची काही वर्षं नव्या कोयी पडत गेल्या, त्याही तशाच. पंधरवडाभराचा कॅम्प उठला की वसतिगृहाच्या मुलींना सांगून जायचं. वर्षांमागून वर्षं गेली आणि हॉलच्या मागे सावली झाली. आम्ही त्या सावलीत डबे खाल्ले. नायगावचे सर खरे ठरले. कुठल्याही झाडाचा आंबा ज्या झाडावरून आला त्याच्यासारखा लागत नव्हता. कुणी आंबट, कुणी दोरेदार, एखादा अचानक मधासारखा. त्या झाडांखालून जाताना मला कधी कधी विद्यापीठाबद्दलही तसंच वाटायचं, औरंगाबादच्या झाडाची ही कोय. आईसारखं झालं नाही म्हणून लोक नाकं मुरडायचे. पण माळावर सावली तर पडली होती.

मग लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र निघालं. आधी उसन्या खोल्यांत, नंतर स्वतःच्या आवारात. शहनाज तिथे शिकवायला लागली. तिच्या फोनमध्ये तक्रारींचा पाऊस असायचा. फळा नाही, नळाला पाणी नाही, सगळी पोरं क्लासेसच्या नादाला लागलीत, भाषा शिकायला कोण येणार? तरी एका वर्षी गावाकडच्या सात मुलींनी एकदम नाव घातलं तर तिने मला सकाळी सकाळी उठवून सांगितलं. देवणीचं ते मूळ झाडही त्याच सुमारास गेलं. तिच्या चुलत्यांची वाटणी झाली, झाड नेमकं धुऱ्यावर, इकडचं की तिकडचं ठरेना. वाद नको म्हणून दोघांनी मिळून तोडलं. "भांडण मिटलं म्हणतात," ती एवढंच बोलली, आणि परत कधी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचा फोन आला. दवाखान्यातून तिला घरी आणलं होतं. पोटाचा आजार होता आणि आता करण्यासारखं काही नाही हे तिच्या सुनेने, रुबीनाने, मला आधीच सांगितलं होतं. आवाज बारीक, पण सूर तोच.

"सुमन, कॅम्पसवर आंबे लागले का गं?"

"लागले असतील की. का?"

"जीभ पार मेली माझी. सगळं औषधासारखं लागतंय. पण काल झोपेत शेप्याचा वास आला. खरंच आला. तिथं त्याचं झाड आहे ना, एक आंबा आण मला."

मी 'आणते' म्हटलं, आणि मग दोघींच्याही एकदम लक्षात आलं. तिथे झाड होतं हे खरं. कुठलं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

दुसऱ्याच दिवशी मी रिक्षा करून कॅम्पसवर गेले. हॉलला कुलूप होतं. झाडांखाली वाळक्या पानांचा थर. पाड लागायला अजून वेळ होता, आणि माकडं त्याआधीच येतात. म्हणून मी सुरक्षारक्षकांना विनंती करून ज्या ज्या झाडाला फळ होतं त्याचे जून कच्चे आंबे उतरवून घेतले. प्रत्येक झाडाच्या आंब्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. हिरवा, निळा, पिवळा, माझ्या शिवणाच्या डब्यातले होते नव्हते ते सगळे. घरी कोठीच्या खोलीत गवत पसरून आढी घातली. आढी म्हणजे आंबे पिकायला गवतात दडवून ठेवायचे. घाई करून चालत नाही. मी रोज उठून गवतात हात घालायची आणि आंब्यांना बोटांनी दाबून बघायची. मग रुबीनाला फोन करायची. इकडे आंबे कडक, तिकडे शहनाज दिवसेंदिवस हलकी. "खाला, आज पाणीसुद्धा नको म्हणाल्या," रुबीनाने सांगितलं, त्या दिवशी मी गवतापाशी बसून चक्क आंब्यांशी बोलले. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मग एका सकाळी खोलीचं दार उघडलं आणि वास आला. पिकल्याचा वास. त्यात बडीशेप होती की मला ती हवी होती म्हणून आली, सांगता येत नाही.

लातूरची एस.टी. विद्यापीठाच्या फाटकावरूनच जाते. पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. शेजारची बाई म्हणाली, "लई घमघमाट सुटलाय आजी, लेकीकडं चालल्या का?" मी हो म्हटलं. समजावून सांगायची ताकद नव्हती.

शहनाजची खाट खिडकीजवळ होती. माझी उंच शहनाज त्या खाटेवर अर्धीच उरली होती. मी आंबे ताटात मांडले. तिची नजर दोऱ्यांवर गेली.

"हे काय बांधून आणलंस?"

"कुठल्या झाडाचा ते कळावं म्हणून. तुझा सापडला की झाड ओळखता येईल ना आता."

"काढ ते."

"अगं शहनाज, असं काय करतेस…"

"कोडिंग केल्याबिगर मी कधी पेपर तपासला का? काढ. मगच हात लावते."

रुबीनाने माझ्याकडे पाहिलं, मी रुबीनाकडे. मी सगळे दोरे सोडले. वाद घालायला वेळ कुठे होता?

रुबीना एकेक आंबा माचवून, म्हणजे बोटांनी दाबून मऊ करून, त्याचा रस थेंबभर तिच्या जिभेवर टेकवायची. आधी शहनाज वास घ्यायची, डोळे मिटून, मग जीभ. पहिल्याला तिने तोंड वाकडं केलं. "नापास." दुसऱ्याला म्हणाली, "हा देगलूरच्या मॅडमसारखा. आधी गोड बोलतो, मग झोंबतो." तिसऱ्याला, "याने बाजारातल्या केशरची कॉपी केलीय. बाहेर काढा याला." किती दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असेल. रुबीना हसता हसता पदराने डोळे पुसत होती.

मग एक आंबा तिने नाकाशी धरला तो धरूनच ठेवला. लहानसा, हिरवट सालीचा. जिभेवर थेंब घेतला. मग पुन्हा नाकाशी नेला. 

"अम्मी," रुबीनाने हळूच विचारलं, "हाच का?"

शहनाजने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मला काय ऐकायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने 'हौ' म्हटलं असतं तर मी समाधानाने परत गेले असते, आणि हेही तिला ठाऊक होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "हा तो न्हाई."

मी मान खाली घातली.

"पण त्याच्या घरातलं हाय कुणीतरी. नाकावरून कळतं."

"किती देतेस मग?" मी विचारलं. जुनी थट्टा म्हणून.

तिने त्या आंब्याची कोय रुबीनाकडून मागून घेतली. ती मुठीत घट्ट धरली.

"परत पहिल्यापासून बघावं लागंल," असं म्हणून तिने डोळे मिटले.

तिला झोप लागली. संध्याकाळच्या गाडीने मी परत आले, कारण उरलेल्या झाडांचे आंबे अजून आढीत पिकायचे होते आणि ते दोन दिवसांत घेऊन यायचं ठरलं होतं. ते न्यायची वेळ आली नाही. मी लातूरला पोचले ती रिकाम्या हाताने, आणि दारात चपलांचा ढीग होता.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, फातेहाला, गेले तेव्हा रुबीनाने स्टीलच्या डब्यातून कोयी आणून दिल्या. धुऊन, सावलीत सुकवून, एकीलाही बुरशी नाही. त्या दिवशी अम्मींच्या मुठीतली कोय तिने अलगद सोडवून घेतली होती आणि बाकीच्यांबरोबर ठेवली होती. "सांभाळून ठेवल्यात खाला, सगळ्या," ती म्हणाली. कुठली मुठीतली होती ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या बिचारीला आयुष्यभराची रुखरुख लागली असती. आणि दोरे तर मीच सोडले होते, शहनाजच्या सांगण्यावरून. झाडांचा सगळा गोंधळ तिने दुसऱ्यांदा घालून ठेवला होता. स्वतःच्या नियमाने. जाता जाता.

त्या कोयी मी गच्चीवर दुधाच्या पिशव्यांत लावल्या. काही कुजल्या, बऱ्याच उगवल्या. पावसाळ्यात त्या लातूरच्या उपकेंद्राच्या आवारात नेल्या. तिथल्या आताच्या विभागप्रमुख बाई शहनाजच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी कुंपणालगत जागा दिली. नांदेडचा माळ होता तसंच तिथलं कुंपणही उघडं आहे. आता त्या वर्गांत मुलं कमी असतात, आणि भाषांचे विभाग किती वर्षं टिकतील याबद्दल तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. पण मुली डबे खातात आणि आळ्यात हात धुतात. मी सांगून ठेवलं आहे.

या आठवड्यात मी पाहून आले. रोपं गुडघ्याएवढी झालीत. नवी पालवी तांबूस आहे, एकेकीची तांबूस छटा वेगळी. फळ धरेल तेव्हा मी नसेन. मुक्ता, ईशान, तुम्ही असाल. तुमच्या आईबाबांसारखे तुम्ही नाही, माझ्यासारखे तर मुळीच नाही, तुमची मराठीसुद्धा तुमचीच आहे. तरी व्हिडिओवर तुम्ही हसलात की मला कधी कधी वास आल्यासारखं होतं. तर या. एप्रिल-मेमध्ये या, उकाड्याला नावं न ठेवता या. लातूरच्या त्या कुंपणाशी जा आणि एकेक आंबा नाकाशी धरा. बडीशेप आली तर तिथेच थांबा.

जाताना मी पाट्या घेऊन गेले होते. तेव्हा राहून गेलेल्या, पत्र्याच्याच, पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं, रंगाऱ्याकडून नीट करून घेतलेल्या. प्रत्येक रोपाखाली एक. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, "आजी, सगळ्यांवर हेच नाव?" मी म्हटलं, हो, हेच. शहनाज.

नाव दिसलं की मार्क बदलतात, असं ती म्हणायची. बदलू देत.